स्टॉक कार शर्यतींतील सर्वांत यशस्वी ड्रायव्हर कोण : विजयांचे आकडे कसे वाचावेत

प्रश्न असा आहे : स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी अमेरिकेतील संस्था म्हणजे नॅसकार; तिच्या सर्वोच्च मालिकेत रिचर्ड पेटीच्या नावावर २०० विजय आहेत आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या डेव्हिड पीअरसनच्या नावावर १०५; मग सर्वकालीन यादीत पहिला कोण, यावर वाद व्हावाच कशाला? शिवाय पेटी, डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन या तिघांचीही प्रत्येकी सात विजेतेपदे (म्हणजे अख्ख्या मोसमाची अजिंक्यपदे) असतील, तर त्या तिघांना एकाच पायरीवर बसवायचे का?

माझे उत्तर आधी सांगून टाकतो. माझ्या यादीत पीअरसन पहिला आहे, पेटी दुसरा, अर्नहार्ट तिसरा, जिमी जॉन्सन चौथा आणि जेफ गॉर्डन पाचवा. त्यानंतर केल यारबरो, बॉबी ॲलिसन आणि डॅरेल वॉल्ट्रिप येतात. नॅसकारच्या बहुतेक संघांच्या कार्यशाळा उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहराच्या आसपास आहेत आणि तिथेच गाड्यांच्या सस्पेन्शनची मांडणी करणे व लॅपच्या वेळा तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. विजयांची एकूण संख्या त्या काळच्या वेळापत्रकावर अवलंबून असते आणि विजेतेपदांची संख्या त्या काळच्या गुणपद्धतीवर. या दोहोंचा प्रभाव जिथे कमीत कमी राहतो, ती जागा म्हणजे एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, शक्यतो सारख्या दर्जाच्या गाड्यांतून झालेली थेट गाठ. म्हणून मी आधी ती पाहतो आणि बाकीचे आकडे तिच्या उजेडात वाचतो.

वेळापत्रकापासून सुरुवात करू. बिल फ्रान्स यांनी १९४८ साली नॅसकारची स्थापना केली आणि सर्वोच्च मालिका १९४९ मध्ये सुरू झाली. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून १९७१ पर्यंत या मालिकेत वर्षाला पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त शर्यती होत असत. त्यांतल्या कितीतरी जत्रेच्या मैदानावरच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, शंभर मैलांच्या आणि आठवड्याच्या मधल्या वारी होत. मोठ्या बक्षिसांच्या शर्यती सोडल्या तर अनेक नामवंत संघ तिकडे फिरकतही नसत. १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीचे प्रायोजकत्व आले आणि १९७२ पासून छोट्या शर्यती वेळापत्रकातून वगळल्या गेल्या; ४८ शर्यतींचा मोसम ३१ वर आला. जाणकार ज्याला ‘आधुनिक काळ’ म्हणतात, तो इथून सुरू होतो. आता पेटीच्या २०० विजयांची विभागणी करून पाहा : १४० विजय १९७१ च्या अखेरपर्यंतचे आहेत आणि ६० त्यानंतरचे. केवळ १९७२ नंतरचे विजय मोजले, तर गॉर्डन ९३, वॉल्ट्रिप ८४, जॉन्सन ८३, अर्नहार्ट ७६, यारबरो ६९, काइल बुश ६३ आणि मग पेटी ६०, असा क्रम लागतो. म्हणजे ज्या आकड्यामुळे वाद संपल्यासारखा वाटतो, तोच आकडा दोन वेगवेगळ्या खेळांची बेरीज आहे.

१९६७ चा मोसम हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्या वर्षी पेटीने ४८ शर्यतींत भाग घेऊन २७ जिंकल्या आणि त्यांतल्या दहा सलग जिंकल्या. हा विक्रम आता कोणी मोडेल असे मला वाटत नाही, कारण तो मोडण्याची संधी देणारे वेळापत्रकच उरलेले नाही. मात्र यावरून त्या २७ विजयांना हलके लेखणारे चुकतात. पन्नासच्या आसपास शर्यतींना गाडी ओढून नेणे, रात्री दुरुस्त करणे आणि दोन दिवसांनी दुसऱ्या राज्यात पुन्हा उभी करणे, ही दमछाक वेगळ्या प्रकारची होती. पेटीचा भाऊ मॉरिस इंजिने बांधत असे, चुलतभाऊ डेल इनमन गाडीची सगळी व्यवस्था पाहत असे आणि वडील ली पेटी स्वतः तीन वेळचे विजेते होते. लेव्हल क्रॉस या खेड्यातले हे घराणे म्हणजे त्या काळातला सर्वांत शिस्तबद्ध कारखाना होता. छोट्या शर्यतींत समोरच्या अर्ध्याअधिक गाड्या स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या माणसांच्या असत आणि त्यांच्यापुढे ही यंत्रणा फारच मोठी होती, इतकेच मला म्हणायचे आहे. स्थानिक आणि कसोटी सामन्यांतली शतके एकाच रकान्यात मांडली तर क्रिकेटच्या चाहत्याला जे खटकेल, तेच इथे खटकायला हवे.

कारखान्यांचे राजकारण हा आणखी एक अडथळा आहे. १९६४ मध्ये क्रायस्लरचे हेमी इंजिन घेऊन पेटीने डेटोना ५०० ही मालिकेतली सर्वांत मानाची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी पहिले विजेतेपदही मिळवले. पुढच्या मोसमासाठी नॅसकारने त्या इंजिनावर बंदी घालताच क्रायस्लरने बहिष्कार टाकला आणि पेटी १९६५ चा बराच काळ ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या धावांत घालवत राहिला. त्या मोसमातील ५५ पैकी ४८ शर्यती फोर्डने जिंकल्या. नेड जॅरेटने १३ विजयांसह विजेतेपद मिळवले, डार्लिंग्टनची सदर्न ५०० तर त्याने तब्बल १४ लॅपच्या फरकाने जिंकली. जॅरेट उत्तम ड्रायव्हर होता, ५० विजय आणि दोन विजेतेपदे सहज मिळत नाहीत. पण त्या वर्षीच्या आकड्यांत प्रतिस्पर्धी गैरहजर होते, हे विसरून चालणार नाही. १९६६ मध्ये हाच प्रकार उलटा झाला आणि फोर्डने पाठ फिरवली. म्हणून साठच्या दशकातला कोणताही आकडा वाचताना मी आधी विचारतो की त्या दिवशी समोर कोणकोण उभे होते.

आता विजेतेपदांकडे वळू. नॅसकारने गुण मोजण्याची पद्धत इतक्या वेळा बदलली आहे, की ‘सात विजेतेपदे’ या दोन शब्दांना एक ठरावीक अर्थ उरलेला नाही. १९७३ चेच पाहा. पीअरसनने त्या वर्षी १८ शर्यतींत भाग घेतला आणि ११ जिंकल्या. विजेतेपद मात्र बेनी पार्सन्सला मिळाले, ज्याने अख्ख्या मोसमात एकच शर्यत जिंकली होती. रॉकिंगहॅमच्या शेवटच्या शर्यतीत पार्सन्सची गाडी सुरुवातीलाच अपघातात मोडली, तेव्हा इतर संघांच्या माणसांनी येऊन ती पुन्हा उभी केली आणि त्याने पुरेसे लॅप पूर्ण केले. प्रसंग मन भरून यावे असाच आहे आणि पार्सन्स हा सगळ्यांचा लाडका माणूस होता. पण त्या वर्षीचा सर्वांत यशस्वी ड्रायव्हर तो होता असे कोण म्हणेल? १९७५ पासून आलेल्या पद्धतीत विजेत्याला १७५ गुण आणि दुसऱ्याला १७०, असा केवळ पाच गुणांचा फरक होता. आघाडी घेतल्याचे जादा गुण काय ते वेगळे. साहजिकच जिंकण्यापेक्षा दर आठवड्याला पहिल्या दहांत येणे अधिक फायद्याचे ठरे. या पद्धतीचे टोक २००३ मध्ये दिसले, जेव्हा मॅट केन्सेथ एका विजयावर विजेता झाला आणि त्याच मोसमात रायन न्यूमनने आठ शर्यती जिंकल्या होत्या.

त्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींआधी आघाडीच्या ड्रायव्हरांचे गुण जवळजवळ समान करून ‘चेस’ सुरू झाली. २००७ मध्ये गॉर्डन तीस शर्यतींत पहिल्या दहांत आला. संपूर्ण मोसमाची जुनी बेरीज कायम असती तर ते विजेतेपद त्याचेच होते. पण जॉन्सनने शेवटच्या टप्प्यात सलग चार शर्यती जिंकल्या आणि मोसमातले विजय दहावर नेले. २०१४ ते २०२५ या काळात तर शेवटच्या शर्यतीत चार जणांतून एक निवडण्याची पद्धत होती. २०२५ च्या नोव्हेंबरात फिनिक्सला डेनी हॅमलिन २०८ लॅप आघाडीवर होता. तीन लॅप उरले असताना दुसऱ्या एका गाडीचा टायर फुटल्यामुळे पिवळा झेंडा आला, सगळे पुन्हा एका रांगेत आले आणि एकही लॅप आघाडीवर नसलेला काइल लार्सन तिसरा येऊन विजेता ठरला. लार्सन गुणवान आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण एका पिवळ्या झेंड्यावर फिरणारे विजेतेपद आणि तीस शर्यतींच्या बेरजेवर मिळालेले विजेतेपद एकाच तराजूत घालता येत नाही.

म्हणून मी पुन्हा थेट गाठीकडे येतो, आणि तिथे पीअरसनचे नाव सर्वांत वर दिसते. पेटी आणि पीअरसन ६३ शर्यतींत पहिल्या दोन क्रमांकांवर आले. त्यांतल्या ३३ पीअरसनने जिंकल्या आणि ३० पेटीने. फरक थोडा आहे, पण दोनशे विरुद्ध एकशे पाच या चित्राशी तो मुळीच जुळत नाही. १९७२ ते १९८० ही नऊ वर्षे घेऊ, कारण या काळात दोघेही जिंकत होते आणि वेळापत्रक छोटे झाले होते. पेटीने जवळजवळ प्रत्येक शर्यतीत भाग घेऊन ५२ विजय मिळवले. पीअरसनने १६० च्या आसपास शर्यतींत भाग घेऊन ४५ मिळवले. वुड ब्रदर्स या व्हर्जिनियातील संघाच्या गाडीतून तर त्याने १४३ शर्यतींत ४३ विजय आणि ४६ पोल (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान) घेतले. दर दहा शर्यतींमागे तीन विजय, आणि तेही बहुतेक लांब पल्ल्याच्या, मोठ्या ट्रॅकवरच्या, जिथे प्रत्येक संघ आपली उत्तम गाडी घेऊन येतो अशा शर्यतींत. शार्लटच्या ट्रॅकवर १९७३ ते १९७८ या काळात त्याने सलग अकरा वेळा पोल मिळवला. विजेतेपदे त्याची तीनच आहेत, १९६६, १९६८ आणि १९६९ ची. पण मालिकेतील जवळजवळ सर्व शर्यती धावण्याचे त्याने आयुष्यात चारच मोसम केले, हे लक्षात घेतले की त्या तीनचे वजन कळते.

या माणसाची पद्धत समजण्यासाठी ४ जुलै १९७४ ची डेटोनाची फायरक्रॅकर ४०० शर्यत पाहावी. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, वळणांवर ३१ अंश कललेला. इथे पुढची गाडी हवा कापते आणि मागची गाडी त्या पोकळीत कमी ताकदीवर चिकटून राहते, त्यामुळे शेवटच्या लॅपला पुढे असणे तोट्याचे ठरते : मागचा गडी अंतिम रेषेआधी उसळी घेऊन निघून जातो. शेवटच्या लॅपचा पांढरा झेंडा पडला तेव्हा पीअरसन पुढे होता आणि पेटी त्याच्या मागे चिकटलेला. पीअरसनने अचानक पाय उचलला आणि इंजिन बसल्यासारखी गाडी बाजूला घेतली. पेटी भरधाव पुढे निघून गेला. मग पीअरसनने पुन्हा वेग घेत ते अंतर तोडले, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना पेटीच्या मागच्या पोकळीतून उसळी घेतली आणि शर्यत जिंकली. पेटी नंतर संतापला होता आणि त्याचा संताप रास्त होता, कारण पूर्ण वेगातल्या गाड्यांसमोर असे करणे धोक्याचेच. पण शेवटच्या लॅपला आपण मागे असायला हवे हे ओळखून पुढचे स्थान स्वतःहून सोडणे, आणि ते पुन्हा मिळवता येईल याचा अंदाज अचूक असणे, यासाठी लागणारे थंड डोके मी फार थोड्या ड्रायव्हरांत पाहिले आहे.

दोन वर्षांनी, १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये, शेवटच्या लॅपच्या चौथ्या वळणावर दोघांच्या गाड्या एकमेकींना घासल्या, भिंतीवर आदळल्या आणि गिरक्या घेत अंतिम रेषेच्या अलीकडे आतल्या गवतावर आल्या. पेटीची गाडी रेषेपासून थोड्याच अंतरावर बंद पडली. पीअरसनने गाडी गरगरत असतानाच क्लच दाबून धरला होता, त्यामुळे त्याचे इंजिन चालू राहिले आणि तो मोडकी गाडी ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगाने रांगत रेषेपलीकडे घेऊन गेला. ही एकमेव डेटोना ५०० त्याच्या नावावर आहे; पेटीच्या नावावर सात आहेत, आणि पेटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

पीअरसनच्या यशात वुड बंधूंचा वाटा किती, हेही विचारले पाहिजे. हा संघ पिटमधल्या, म्हणजे शर्यतीतल्या थांब्यावर टायर बदलण्याच्या आणि इंधन भरण्याच्या कामात इतका निष्णात होता की १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये जिम क्लार्कच्या लोटस गाडीची पिटमधली कामे त्यांच्याकडे सोपवली गेली आणि क्लार्क ती शर्यत जिंकला. अशा हातांत गाडी असली की प्रत्येक थांब्याला काही सेकंद पदरात पडतात. तरीही सगळे श्रेय तिथे देता येत नाही, कारण पीअरसनची तीनही विजेतेपदे इतर दोन संघांकडून आलेली आहेत : कॉटन ओवेन्सच्या डॉजमधून एक आणि होल्मन-मूडीच्या फोर्डमधून दोन. डार्लिंग्टनला तो दहा वेळा जिंकला, जो आजही तिथला विक्रम आहे. माझ्या कामाच्या दृष्टीने डार्लिंग्टनची साक्ष सर्वांत मोलाची. तो ट्रॅक अंड्यासारखा एका बाजूला निमुळता आहे, कारण जमिनीच्या मालकाला तिथला मासळीचा तलाव बुजवायचा नव्हता. दोन टोकांची वळणे वेगळी असल्यामुळे गाडी दोन्हीकडे नीट बसवता येतच नाही. एका टोकाला सरस बसवली तर दुसऱ्या टोकाला एक तर मागून सुटते, नाहीतर वळायलाच तयार होत नाही आणि पुढून भिंतीकडे ढकलली जाते. त्यात तिथला पृष्ठभाग टायर भराभर खातो आणि मागची इंधनाची टाकी रिकामी होत गेली की मागच्या चाकांवरचा भारही घटतो, म्हणजे गाडीचा स्वभाव दर दहा लॅपला बदलतो. पिटमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा ताण कमी-जास्त करता येतो, पण दोन थांब्यांच्या मध्ये जे काही करायचे ते ड्रायव्हरच्या हातापायांनीच. पीअरसन शर्यतीचा पहिला भाग गरजेपुरत्याच वेगाने चालवत असे आणि टायर राखून ठेवत असे; शेवटचे पन्नास लॅप उरले की तो वर येई. त्याच्या गाडीत सिगारेट पेटवण्याचा लायटर बसवलेला असे, हे ऐकून नवखे हसतात. मला त्यातून त्याचा निवांतपणा दिसतो.

मग पेटी दुसरा का, आणखी खाली का नाही? कारण १९७२ नंतरच्या हिशेबातही त्याची चार विजेतेपदे आणि साठ विजय उरतात, आणि तेवढ्यावरही तो कोणत्याही यादीत पहिल्या दहांत बसला असता. १९७५ मध्ये तो छोट्या झालेल्या वेळापत्रकातही १३ शर्यती जिंकला. आधुनिक काळात या आकड्याची बरोबरी फक्त गॉर्डनने १९९८ मध्ये केली. पेटीच्या विजयांचे प्रमाण सुमारे १७ टक्के दिसते, पण त्यात १९८५ ते १९९२ या आठ वर्षांतल्या दोनशेहून अधिक विजयहीन शर्यती मिसळलेल्या आहेत. ४ जुलै १९८४ ला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत, डेटोनाला त्याने दोनशेवा विजय मिळवला. त्या मोसमाअखेर तो थांबला असता तर हेच प्रमाण विसाच्या पुढे राहिले असते. टक्केवारीवरून पीअरसनला पुढे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मी त्याला पुढे ठेवतो ते समोरासमोरच्या शर्यतींमुळे.

अर्नहार्टचे ७६ विजय या यादीत कमी वाटतात. पण त्याची सातही विजेतेपदे पूर्ण मोसमाच्या बेरजेवर मिळालेली आहेत, आणि १९७९ ला सर्वोत्तम नवोदित ठरून १९८० ला थेट विजेता होणे त्याच्याआधी कोणाला जमले नव्हते. पुढची सहा त्याने रिचर्ड चिल्ड्रेसच्या संघाकडून मिळवली, जो संघ त्याच्याबरोबरच मोठा झाला. १९८७ मध्ये त्याने पहिल्या आठपैकी सहा शर्यती जिंकल्या. त्याची धडक देण्याची रीत मला कधीच आवडली नाही. पण हवेचा प्रवाह वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर अवघे पाच-सहा लॅप उरले असताना तो अठराव्या क्रमांकाच्या आसपास होता, आणि ती शर्यत तो जिंकला. तोच त्याचा शेवटचा विजय. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या लॅपला त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी डोके व मान जखडून ठेवणारे सुरक्षा उपकरण सक्तीचे झाले. नंतरच्या पिढ्यांची दीर्घ कारकीर्द अशा सुधारणांवर उभी आहे, याची नोंद तुलनेत व्हायलाच हवी.

जॉन्सनला गॉर्डनच्या वर ठेवल्याबद्दल माझ्या ओळखीतले निम्मे लोक माझ्याशी भांडतील. गॉर्डनचे ९३ विजय आधुनिक काळात सर्वाधिक आहेत आणि त्याची शेवटची तीन विजेतेपदे जुन्या, पूर्ण बेरजेच्या पद्धतीतही कोणालाही निर्विवाद वाटतील अशी आहेत. शिवाय रे एव्हरनहॅम या क्रू चीफबरोबर (गाडी आणि तिच्या चमूच्या प्रमुखाबरोबर) ४७ विजय मिळाल्यावर, तो गेल्यानंतरही गॉर्डनने ४६ विजय मिळवले. जॉन्सनचे सगळे ८३ विजय मात्र त्याचा क्रू चीफ चॅड नाउसबरोबरच्या काळातले आहेत आणि ती जोडी फुटल्यावर त्याला एकही विजय मिळाला नाही. हा मुद्दा मी मान्य करतो. पण २००२ ते २०१५ ही चौदा वर्षे दोघे हेंड्रिक यांच्या एकाच संघात होते. इंजिने एकाच ठिकाणी बांधलेली, चासी (गाडीचे सांगाडे) एकाच छपराखाली तयार झालेल्या, माहितीची देवाणघेवाण रोजची. त्या काळात जॉन्सनने ७५ शर्यती जिंकल्या आणि गॉर्डनने ३५. वयाचा फरक चार वर्षांचाच होता. इतकी स्वच्छ तुलना या खेळात क्वचितच मिळते, आणि ती मिळाल्यावर मी बाजूला ठेवू शकत नाही.

यारबरोचे ८३ विजय ५६० शर्यतींतले आहेत. १९७६ ते १९७८ अशी सलग तीन विजेतेपदे आणि चार डेटोना ५०० त्याच्याकडे आहेत. १९८० नंतर त्याने मुद्दाम मोजक्याच शर्यती धावायला सुरुवात केली, नाहीतर तो आणखी वर असता. ॲलिसनचा आकडा २०२४ मध्ये ८५ झाला. १९७१ मध्ये बोमन ग्रेच्या छोट्या ट्रॅकवर मिश्र शर्यतीत त्याने दुसऱ्या वर्गातली मस्टँग चालवत पेटीला हरवले होते, पण गाडीच्या वर्गावरून घोळ होऊन त्या शर्यतीला ५३ वर्षे अधिकृत विजेताच नव्हता. ही चूक सुधारल्यानंतर काही आठवड्यांतच ॲलिसनचे निधन झाले. वॉल्ट्रिप ८४ वर थांबला. १९८१ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी बारा विजय मिळवून त्याने दोन्ही वेळा ॲलिसनलाच मागे टाकले होते, पण ज्युनियर जॉन्सनच्या त्या गाड्या इतरांपेक्षा चांगल्या होत्या, म्हणून तो ॲलिसनच्या खाली.

पन्नासच्या दशकातले हर्ब थॉमस आणि टिम फ्लॉक यांचे विजयांचे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पीअरसनपेक्षाही जास्त. थॉमसची हडसन हॉर्नेट आणि १९५५ मध्ये फ्लॉकला १८ विजय देणारी कार्ल कीखेफर यांची क्रायस्लर, या दोन्ही गाड्या त्या-त्या वर्षी बाकीच्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. मी त्यांना नववा आणि दहावा क्रमांक देतो, पण तो देताना माझा हात थोडा थांबतो.

सध्याच्या ड्रायव्हरांपैकी काइल बुश या दहांच्या सर्वांत जवळ आहे. २०२५ अखेर त्याचे ६३ विजय आणि दोन विजेतेपदे होती, शिवाय दुसऱ्या फळीच्या मालिकेत १०२ विजय. २०१५ मध्ये पायाची हाडे मोडल्यामुळे अकरा शर्यती हुकल्या, तरी तो विजेता झाला. ते विजेतेपद मी शेवटच्या शर्यतीत चौघांतून एक निवडण्याच्या काळातले असूनही मोठे मानतो. २०२५ अखेर हॅमलिनचे ६० विजय होते आणि विजेतेपद एकही नव्हते, पण माझ्या मोजणीत त्याचे तेवढे नुकसान होत नाही. ज्युनियर जॉन्सनही ५० विजयांनंतर ड्रायव्हर म्हणून कधी विजेता झाला नाही. २०२२ पासून सर्व संघांना गाडीचे बहुतेक सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, त्यामुळे गाड्यांमधला फरक पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे आणि एका मोसमात दहा विजय मिळवणे अवघड झाले आहे. लार्सनने तसे दहा विजय २०२१ मध्ये, जुन्या गाडीच्या शेवटच्या वर्षी मिळवले. २०२५ अखेर त्याचे ३२ विजय होते. नव्या गाडीत तो मोसमाला चार-पाच विजय टिकवून धरू शकला, तर फ्लॉक आणि थॉमस यांच्या जागा मला पुन्हा तपासाव्या लागतील.